नागपूरच्या हवेत तब्येत कमवायची तर: पहिले तीन महिने

दिवाळी झाली, हवेत गारवा आला की अंबाझरीवर आणि सेमिनरी हिल्सवर सकाळी चालायला येणाऱ्यांची गर्दी वाढते. होळी आटोपली की त्यातले निम्मे चेहरे दिसेनासे होतात. ऊन वाढलं, झोप नीट होईना, सकाळी उठवेना, आणि चार महिने लावून धरलेली सवय सुटते. आरोग्याचे बहुतेक सल्ले नागपूरचा मे महिना लक्षात घेऊन दिलेलेच नसतात. इथे तब्येत सांभाळायची तर घड्याळ आणि ऋतू आधी बघावे लागतात, व्यायामाचा प्रकार नंतर.

चाळिशीच्या आसपासच्या, नोकरी-घर सांभाळणाऱ्या आणि आजवर नियमित व्यायाम न केलेल्या माणसासाठी हे लिहिते आहे. मी याच वाटेने गेले. सुरुवातीला दहा जण दहा सल्ले देतात, पण आधी काय आणि नंतर काय हे कुणी सांगत नाही. म्हणून खाली क्रम दिला आहे. तो मोडू नका, एवढीच विनंती.

सुरू करण्याआधी जवळ ठेवा

- आधार कार्ड, आणि काढलेलं असेल तर आयुष्मान किंवा आभा कार्ड
- जुने रिपोर्ट, चालू औषधांच्या चिठ्ठ्या (नसतील तर औषधांच्या पट्ट्यांचे फोटो)
- शिवणकामाची मोजपट्टी
- चालण्याचे बूट, सुती मोजे
- मोठा सुती दुपट्टा किंवा शेला, टोपी, पाण्याची बाटली
- ओआरएसची चार-पाच पाकिटं
- एक साधी वही

बूट संध्याकाळी विकत घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, त्यामुळे संध्याकाळी बरोबर बसलेला बूट सकाळीही बसतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. चपला आणि सँडलवर रोज अर्धा तास चाललात तर टाच कुरकुरायला लागेल.

## १. आधी तपासणी

पहिल्या आठवड्यात फक्त हेच करा. मनपाच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्या लोकांचं बीपी आणि साखर मोफत तपासतात. खासगी लॅबमध्ये जाणार असाल तर ‘फुल बॉडी पॅकेज’च्या जाहिरातीला भुलू नका. त्यात साठ-सत्तर आकडे येतात आणि कामाचे पाच-सात असतात. बीपी, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) एवढ्याने सुरुवात होते. थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व वगैरे डॉक्टरांनी सांगितलं तर करा.

हे आकडे ओळखीचे असू द्या. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, १२६ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेहाची शंका. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून पुढे मधुमेह. बीपी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० च्या वर राहत असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. एकदाच जास्त आलं म्हणून घाबरू नका. जिना चढून, चहा पिऊन लगेच मोजलं तरी आकडा वाढतो. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, मग मोजा.

कंबर बेंबीजवळून मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर पोटावरची चरबी जास्त आहे, वजनकाटा काहीही म्हणो. भारतीयांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची) मर्यादाही खाली धरतात: २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा.

आता विदर्भात राहणाऱ्याने विसरू नये अशी गोष्ट. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे, आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीतच नसतं. सरकारी आरोग्य केंद्रात आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून एएस की एसएस हे पक्कं कळतं. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार. वाहकाला रोजच्या जगण्यात सहसा त्रास नसतो आणि व्यायामही बंद करायचा नसतो. पण उन्हात, पाणी न पिता, एकदम दम तोडणारी मेहनत त्याच्यासाठी धोक्याची असते. वेग हळूहळू वाढवा, पाणी पीत राहा, पायात गोळे आले किंवा अंग असह्य दुखलं तर तिथेच थांबा. एसएस असेल तर डॉक्टरांनी आखून दिल्याशिवाय व्यायाम सुरूच करू नका. घरात कुणाला सिकलसेल असेल तर ही तपासणी सगळ्यात आधी.

छातीत दुखणं, चालताना नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर, घरात कमी वयात कुणाला हार्ट अटॅक, यातलं काही असेल तर डॉक्टरांचा होकार मिळेपर्यंत पुढची पायरी नको. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाआधी काय खायचं तेही विचारून घ्यावं आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी.

## २. वेळ आणि जागा ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नागपुरातला सुरुवातीचा सोन्यासारखा काळ. डिसेंबर-जानेवारीत उजाडायलाच पावणेसात होतात, त्यामुळे काळोखात घाई करू नका. थंडीत पहाटे कचरा आणि शेकोट्यांचा धूर खाली बसलेला असतो. दमेकऱ्यांनी तर सूर्य वर आल्यावरच निघावं. मेमध्ये उलट. साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि सातपर्यंत सगळं आटपून घरात परत यायचं असतं.

जागा घराजवळची निवडा. सेमिनरी हिल्सची झाडी आणि फुटाळ्याचा काठ सुंदरच आहे, पण जरीपटक्याच्या माणसाने रोज गाडी काढून तिथे जायचं म्हटलं तर पंधरा दिवसांत कंटाळा येतो. त्याच्यासाठी दयानंद पार्क आहे. महालाजवळच्यांना रेशीमबाग मैदान, इतवारीकडच्यांना गांधीबाग उद्यान. सगळ्यात जवळचं ते चांगलं. बऱ्याच बागांत आता ग्रीन जिमही आहे.

ऑफिसला जाणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती: मेट्रोने जात असाल तर एक स्टेशन आधी उतरा आणि सरकत्या जिन्याऐवजी साधा जिना चढा. सीताबर्डीच्या इंटरचेंजवर गाडी बदलताना तेवढ्यातच पायाला चांगलं काम मिळतं.

मोकाट कुत्री ही सकाळी चालणाऱ्यांची खरी अडचण आहे. अंगावर आली तर पळू नका. थांबा, नजर न भिडवता हळूहळू मागे सरका. चावलं किंवा नखाने ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

## ३. चालायला लागा

पहिले दोन आठवडे १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. पुढे दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. पाचव्या आठवड्याच्या सुमारास अर्ध्या तासावर पोचाल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, तो इथे पूर्ण होतो.

वेग कळायला घड्याळ नको. सोबतच्या माणसाशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. अर्धं वाक्य बोलून श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करा. नवख्या माणसाचा उत्साह पहिल्या रविवारी त्याला अंबाझरीला पूर्ण फेरी मारायला लावतो आणि सोमवारी गुडघा धरून बसवतो. दहा हजार पावलांच्या आकड्यामागेही लगेच लागू नका.

## ४. ताकदीचे दोन दिवस

पहिला महिना चालण्यात गेला की आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम जोडा. हा भाग सगळे टाळतात, बायका तर हमखास. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात. फक्त चालून ते परत येत नाहीत. पुढे जिना चढणं, जमिनीवरून उठणं, तोल सांभाळणं याच स्नायूंवर अवलंबून असतं, आणि जेवणानंतर रक्तातली साखर मोठ्या प्रमाणात तेच वापरतात.

घरात पुरेल एवढं पुढे दिलं आहे.

- खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, दहा वेळा. जमलं की पुढे बैठका.
- भिंतीला हात टेकून जोर, आठ-दहा. सोपं वाटलं की ओट्याला टेकून, मग जमिनीवर गुडघे टेकून.
- पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं, दहा वेळा.
- पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन, किंचित वाकून कोपर मागे ओढणं, दहा वेळा.
- टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, पंधरा वेळा.

असे दोन फेरे, मध्ये मिनिटभर थांबून. श्वास कोंडू नका, त्याने बीपी चढतं. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच, सहा नमस्कारांपासून सुरू करा. पण मणक्याचा त्रास किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं चालतं. सांध्यात टोचल्यासारखं दुखणं चालत नाही.

## ५. खर्रा असेल तर आधी तो

नागपुरात आरोग्यावर लिहून खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेलं मिश्रण) वगळला तर ते लिहिणं अपुरं आहे. सकाळी तळ्याला फेरी मारून ठेल्यावर खर्रा घोटून घेणारी माणसं मी रोज बघते आणि जीव तुटतो. त्यातली तंबाखू तर घातक आहेच, पण सुपारीसुद्धा स्वतः कर्करोगकारक आहे. ‘तंबाखू कमी टाक, सुपारी जास्त’ असं सांगितल्याने सुटका होत नाही. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा ताठ होत जाते, तिखट सोसेनासं होतं, तोंड उघडणं कमी होतं.

आत्ताच आरशासमोर उभे राहा. तोंड पूर्ण उघडून तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील, आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांवर न भरलेला फोड असेल, तर मेडिकलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला हे दुखत नसतंच.

सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे. तलफ काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ बडीशेप, लवंग, भाजलेलं जवस तोंडात ठेवा आणि ठेल्याचा रस्ता बदला. दुपारच्या चहानंतर मित्रांबरोबर खर्रा ही सवय असेल तर काही आठवडे चहाची जागाच बदला. घरच्यांनी टोमणे मारू नयेत. माणूस लपून खायला लागतो, दुसरं काही होत नाही.

## ६. ताट बदला, स्वयंपाकघर बदलू नका

ओट्स, किनोआ, अॅव्होकॅडो यांच्यावाचून आपलं काहीच अडत नाही. वऱ्हाडी-नागपुरी स्वयंपाकात हवं ते सगळं आहे, फक्त प्रमाण चुकतं: भात-पोळी जास्त, डाळ पातळ, भाजी चमचाभर.

प्रथिनांचा साधा हिशेब असा की निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅमच्या आसपास. आता ताट बघा. ३० ग्रॅम कच्च्या डाळीच्या वरणात साधारण ७ ग्रॅम. ज्वारीच्या दोन भाकरीत १० च्या जवळपास. वाटीभर दह्यात ५, मूठभर फुटाण्यांत ६, दोन अंड्यांत १२, पेलाभर दुधात ६-७. अंडी खात नसाल तर २५ ग्रॅम सोयाबीन वडीत १३. यातलं एखादं गाळलं की आकडा खाली येतो, आणि बहुतेक घरांत दोन-तीन गोष्टी गळालेल्या असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा हिशेब डॉक्टरांकडून करून घ्या.

म्हणून वरण घट्ट करा. डाळभाजी आठवड्यातून तीनदा होऊ द्या. कढीगोळे, पाटवडी, झुणका हे सगळे डाळीचेच पदार्थ आहेत, तेलाचा हात तेवढा आखडा. जवसाची चटणी रोज चमचा-दोन चमचे घ्या. शाकाहारी घरात ओमेगा-३ मिळवण्याचा तो स्वस्त मार्ग आहे. अंबाडी, पालक, चवळी, मेथी, जी पालेभाजी गोकुळपेठेत किंवा कॉटन मार्केटात त्या दिवशी ताजी आहे ती घ्या. सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू वरून सढळ हाताने. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने पालेभाजीतलं लोह नीट शोषलं जातं. चहा त्याच्या आड येतो, म्हणून जेवण आणि चहा यांत तासभर तरी अंतर ठेवा. रक्त कमी असलेल्या बायकांनी हे एवढं पाळावंच.

संत्र्याचं सांगायलाच हवं. आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहार फेब्रुवारीपासून, म्हणजे ताजं संत्रं आपल्याला वर्षाचे कितीतरी महिने मिळतं. ते सोलून खा. रस काढला की चोथा गेला, आणि एका पेल्यात तीन-चार संत्र्यांची साखर एकदम पोटात गेली. संत्रा बर्फी ही मिठाई आहे, फळ म्हणून मोजू नका.

तेल माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅम धरा. चार जणांच्या घराला महिन्याला अडीच ते तीन लिटर पुरायला हवं. पिंप संपल्याची तारीख वहीत लिहिलीत तर खरा आकडा कळेल. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, शेव, फरसाण सगळं आलं.

## ७. तर्री, सावजी आणि समोसा

हे सोडा असं मी सांगणार नाही. तर्री-पोह्यातले हरभरे चांगलेच आहेत. वरचा लाल तवंग कमी घालायला सांगा, पोहे अर्धी प्लेट आणि हरभरे जास्त मागा, शेव नको म्हणा. सावजी भोजनालयात बसलात तर रश्शावरचं तेल चमच्याने बाजूला काढा, ज्वारीची भाकर घ्या, कांदा-लिंबू घ्या, आणि रात्री उशिरा जाऊन लगेच झोपू नका. मूंगवडे, आलूबोंडा, समोसा यांतलं आठवड्यातून एकदाच, आणि तेल काळं पडलेल्या कढईतलं मुळीच नको.

## ८. उन्हाळा: इथेच सवय तुटते

मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जाणं नागपूरला नवीन नाही, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, तर जीवच काढतो. मार्च लागला की तयारी करा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून या काळात वेळ आणि वेग दोन्ही कमी करा. अर्ध्या तासाचे वीस मिनिटं झाले तरी चालेल, दिवस मोडू नका. एप्रिल-मेमध्ये चालणं पहाटे, आणि ताकदीचा व्यायाम घरात कुलरसमोर. रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा गल्लीत चाललात तर साखरेलाही बरं.

पाणी किती प्यायचं ते लघवीच्या रंगावरून ठरवा. फिकट पिवळी ठीक, गडद झाली की पाणी कमी पडतंय. फार घाम आला तर ताक, मीठ घातलेलं कैरीचं पन्हं, लिंबू-सरबत. बीपीवाल्यांनी मीठ, मधुमेह्यांनी साखर बेतानेच. ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात संपूर्ण पाकीट टाकून करा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

दुपारी निघावंच लागलं तर डोकं-कान शेल्याने बांधा, पाणी पिऊन निघा. खिशातला कांदा ऊन लागण्यापासून वाचवत नाही, तो जेवणात खा.

उन्हात कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला-काखेत बर्फ किंवा ओले फडके ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

पाऊस सुरू झाला की कुलरची टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करून ठेवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. बाहेर चालता येत नसेल तेव्हा अपार्टमेंटचा जिना आहेच.

## ९. पैसे कुठे घालू नका

जानेवारीत जिमचं वर्षाचं पॅकेज अर्ध्या किमतीत मिळतं. घेऊ नका, एक महिन्याचं घ्या. ट्रेनरने पहिल्याच दिवशी पावडरचा डबा पुढे केला तर जिम बदला. वजन उतरवणारे शेक, डिटॉक्सचे रस, ‘मधुमेह मुळापासून बरा’ करणाऱ्या पुड्या यांपासून लांब राहा. आणि कुणाच्याही सांगण्यावरून बीपी-साखरेची चालू गोळी परस्पर बंद करू नका.

## १०. वही आणि तीन महिन्यांनी पुन्हा लॅब

वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: किती मिनिटं चाललात, किती तास झोपलात, बाहेरचं काय खाल्लंत. कंबर महिन्यातून एकदा, वजन आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर. झोप सात तासांच्या खाली जात असेल तर व्यायाम वाढवण्याआधी ती सुधारा.

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवतं, म्हणून महिनाभरात पुन्हा करून काही कळत नाही. तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये जा. लिपिड आणि बीपीही तेव्हाच बघा. डॉक्टरांकडे जाताना जुना आणि नवा असे दोन्ही रिपोर्ट आणि वही न्या. मध्ये ताप, डेंग्यू किंवा लग्नसराईमुळे पंधरा दिवस खंड पडला असेल तर शेवटच्या आकड्यावरून सुरू न करता १५ मिनिटांच्या चालण्यावर परत या आणि आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. डेंग्यूनंतर अशक्तपणा बरेच दिवस राहतो, तेव्हा ताकदीचा व्यायाम डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.